दादाच्या पायाचे टक्के

जुलै २००५ च्या पावसात दासगावात दरड आली आणि दादा त्यातून वाचला, एवढ्यावरच आम्ही देवाला हात जोडले. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते... महाड तालुक्यात त्या दोन दिवसांत घरंच्या घरं मातीखाली गेली होती. शेजारच्या घरात माणसं गेलेली असताना आपल्या मोडक्या पायाबद्दल कुणी तोंड उघडायचं? दादाच्या उजव्या पायावर भिंत पडली होती. मांडीचं हाड मोडलं, गुडघ्याची वाटी फुटली, घोटा दबला. मुंबईला ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, आणि दादा घरी आला तो आखडलेला पाय घेऊनच. पुढची वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. त्या धबडग्यात अपंगत्वाचा दाखला काढावा हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

विषय निघाला तो वहिनींमुळे. दादाचं वय होत चाललं, दुसरा पायही कुरकुरायला लागला आणि घर एकट्या वहिनींच्या मजुरीवर आलं. संजय गांधी निराधार योजनेत किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्याला अनुदान मिळतं. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे, आणि २०२५ मध्ये त्यांचं अनुदान महिना २,५०० रुपये झालं. उत्पन्नाचा दाखला तलाठी आणि तहसीलच्या वाटेने मिळाला. अडलं ते डॉक्टरच्या कागदापाशी.

यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या दाखल्याचा आणि ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरताना आधार, फोटो यांच्याबरोबर उपचाराचे कागद जोडायचे होते. आमच्याकडे कागदच नव्हते. मुंबईच्या रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड शेडमधल्या गळतीत कधीच लगदा झालं होतं. नंतर दादा महाडच्या बाजारपेठेतल्या ज्या डॉक्टरांकडे जायचा, त्यांच्याकडचे केसपेपर २०२१ च्या पुरात गेले. मुंबईला जुनं रेकॉर्ड मागावं का, अशी चौकशी केली तेव्हा कळलं की वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचं रेकॉर्ड तीन वर्षंच ठेवण्याचं बंधन आहे. त्या मुदतीत मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं, हेही तेव्हाच समजलं. २००५ साली आम्हाला हे सांगणारं कुणी असतं तर!

ओळखीच्या एका डॉक्टरांनी दया येऊन लगेच चिठ्ठी दिली: ‘सदर रुग्ण अपंग असून त्यांना मदत मिळावी.’ मनाने फार चांगला माणूस, पण त्या वाक्यात दादाचा पाय कुठेच नव्हता. कुठला सांधा, किती वाकतो, कधीपासून, बरा होणार की नाही, यातलं काहीच नाही. मग हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा आमच्या मनावरचं ओझं उतरवलं. म्हणाले, “जुने कागद असते तर बरंच झालं असतं. पण टक्के ठरतात ते आज पाय कसा आहे त्यावर. नवा एक्स-रे काढा, सळई त्यात दिसेलच.”

तपासणी मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. गोनिओमीटर म्हणजे दोन लांब पट्ट्या एका खिळ्यावर फिरणाऱ्या आणि खिळ्याभोवती अंशांच्या खुणा. डॉक्टरांनी खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवला, एक पट्टी मांडीच्या रेषेत धरली, दुसरी नडगीच्या, आणि पाय हळूहळू वाकवत नेला. एका जागी तो अडला. दादाने ओठ दाबले, पण आवाज काढला नाही. डॉक्टरांनी आकडा लिहिला. मग घोटा. मग प्रत्येक स्नायूची ताकद, शून्य ते पाच अशा मापात. मग कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप लावून दोन्ही पायांची लांबी.

इथपर्यंत दादाच्या बोलण्याचा प्रश्न नव्हता. पुढे आला. पायाच्या अपंगत्वात हालचालीइतकाच स्थैर्याचाही हिशेब असतो. त्यासाठी नऊ गोष्टी बघतात: सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं आणि वळणं. डॉक्टर एकेक विचारत गेले आणि दादा एकेक उत्तर देत गेला. “उतार?” “उतरतो की.” “जिना?” “जमतंय.” “त्रास?” “आता सवय झाली, साहेब.”

वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्यांना राहवलं नाही. “उतरतो कसा ते सांगा ना! बसून घसरत उतरता तुम्ही, पावसात तर दोन्ही हात टेकून.” मग त्या थांबल्याच नाहीत. लावणीला चिखलात पाय घालता येत नाही म्हणून बांधावर उभं राहून आवणाच्या मुठी फेकतात. उकिडवं बसता येत नाही म्हणून प्लास्टिकची खुर्ची मधोमध कापून संडासात ठेवली आहे. पंगतीला बसत नाहीत, लग्नाला गेले तर जेवण उरकल्याचं सांगून परत येतात. हे शेवटचं मलासुद्धा माहीत नव्हतं. आणि मी त्याचा सख्खा भाऊ.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि दादाकडे वळून म्हणाले, “मामा, हे तुम्ही सांगितल्याशिवाय मला कळणार कसं?”

आमच्याकडे दुखणं सांगणं म्हणजे रडणं, अशी समजूत आहे. दरडीनंतर तर ती आणखी घट्ट झाली. पण तपासणीच्या खोलीत ‘बरं आहे’ म्हणणारा माणूस आपल्याच कागदातून अपंगत्व पुसून टाकतो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. दाखल्यासाठीची तपासणी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात व्हायची होती, आणि गावातल्या एकाने दादाला उलटाच सल्ला दिला होता, “अलिबागला जाशील तेव्हा जरा जास्त लंगड.” २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून वाद झाला, तेव्हापासून दाखला काढायला निघालेल्याकडे लोक तिरक्या नजरेने बघतात, आणि तेच लोक असले सल्लेही देतात. दादा चिडून म्हणाला, “नाटक करायचं असेल तर मला दाखलाच नको.” त्याचं बरोबर होतं. नाटकाची गरजच नव्हती. जे खरं होतं तेच पुरे होतं.

त्या रात्री मी आणि वहिनी वही घेऊन बसलो. “भावोजी, सकाळपासून लिहा,” त्या म्हणाल्या. अंथरुणातून उठताना काय धरावं लागतं, पाणी भरता येतं का, किती अंतरावर थांबावं लागतं, रात्री कशाने जाग येते. पानभर झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ते वाचलं, दादाला पुन्हा चालायला, उभं राहायला लावून स्वतः खात्री केली आणि मगच अहवाल लिहिला. त्यात निदान होतं, इजा कधीची ते होतं, सांध्यांचे अंश, स्नायूंची ताकद, लांबीतला फरक, न जमणाऱ्या क्रिया, आणि शेवटी ‘यापुढे सुधारणेची शक्यता नाही’. खाली नोंदणी क्रमांक, शिक्का, तारीख. दाखला तात्पुरता मिळणार की कायमचा, यात त्या शेवटच्या ओळीला फार वजन असतं.

अलिबागचा प्रवास मात्र जीव काढणारा. माणगाव, कोलाड, नागोठणे, वडखळ असा तो लांबचा रस्ता, त्यात मुंबई-गोवा महामार्गाची वर्षानुवर्षं चाललेली कामं. दादाचा पाय वाकत नाही, म्हणून तो एसटीच्या दोन आसनांवर आडवा टाकावा लागतो. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण हातात दाखला असल्यावर. ज्याला चालता येत नाही त्यानेच तपासणीसाठी जिल्ह्याचं टोक गाठायचं, हे मला पटत नाही. महाड-पोलादपूरच्या माणसांची तपासणी महाडलाच ठरलेल्या दिवशी नियमाने व्हायला हवी.

जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांनी अहवाल वाचला, पण त्यावर विसंबले नाहीत. सगळं पुन्हा मोजलं, तेच योग्य. या वेळी उताराचं विचारल्यावर दादा जरा थांबला, वहिनींकडे बघितलं आणि म्हणाला, “बसून उतरतो.” टक्के काढताना हालचालीचा आणि स्थैर्याचा आकडा सरळ बेरजेने जोडत नाहीत, त्याचं वेगळं सूत्र आहे, त्यामुळे घरी बोटांवर केलेला आमचा हिशेब जुळला नाही. पण दाखला आला तो चाळीसच्या बराच वर, आणि त्यावर ‘कायमस्वरूपी’ असं लिहिलेलं.

तहसीलमध्ये अर्ज मंजूर झाला आहे. आता दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा. वहिनींनी सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून एक संच माझ्या घरी ठेवायला दिला आहे, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर. डॉक्टरांच्या अहवालाचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये आहे. आता त्या दादाच्या मागे लागल्यात, दुसऱ्या गुडघ्याचं डॉक्टरांना कधी दाखवणार म्हणून.