गृहीत धरलें, तें सिद्ध कसें झालें?

गणितांतील कित्येक अडचणी आकड्यांच्या नसतात. त्या 'असें कां?' ह्या प्रश्नाच्या असतात. आमच्या अंबाजोगाईच्या घरीं अकरावींत शिकणारी पुतणी गणितीय विगमनापाशीं अशीच अडली होती. उदाहरणें तिला बिनचूक येत. पण मन मानीत नव्हतें. "काका, जें सिद्ध करावयाचें तेंच आधीं गृहीत धरायचें, मग ही सिद्धता कसली? न पटतां पाठ करण्यापेक्षां मी गणितच सोडतें!"

हा आक्षेप वाचकांनीं क्षुल्लक मानूं नये. त्याच्या निरसनास पुस्तकापेक्षां अंगण अधिक उपयोगी पडलें. विषम संख्या क्रमानें मिळवीत गेल्यास वर्ग येतो: 1 व 3 मिळून 4, त्यांत 5 मिळवितां 9. रांगोळीचे तीन रांगांत तीन तीन ठिपके काढावे. एका बाजूस तीन, दुसरीस तीन आणि कोपऱ्यांत एक असे सात ठिपके वाढविले कीं चाराचा चौकोन होतो. चौकोन कितीही मोठा असो, पुढच्यासाठीं लागणारे ठिपके बाजूच्या दुपटीहून एक अधिक. आणि तीच पुढची विषम संख्या. म्हणजे आपण 'हा चौकोन आहेच' असें म्हणत नाहीं. 'असेल, तर पुढचा होईल' एवढीच हमी देतों. पहिला ठिपका तर डोळ्यांसमोर असतोच. हमी आणि आरंभ मिळून सिद्धता होते. नुसतें गृहीत कांहींच सिद्ध करीत नाहीं. इटालियन गणिती मॉरोलिको ह्याच्या 1575 सालीं छापलेल्या ग्रंथांत हाच सिद्धान्त ह्याच वाटेनें आला आहे.

"मग पांचदहा उदाहरणें जुळलीं तर पुरे कां नाहीं?" तिनें विचारलें. तेव्हां मीं देवळालीचे कै. द. रा. कापरेकर ह्यांच्या डेम्लो संख्या पुढें केल्या. 11 चा वर्ग 121, 111 चा 12321. नऊ एकांपर्यंत हा डौल टिकतो, आणि दहा एकांचा वर्ग करतांच हातचे येऊन तो मोडतो.

भास्कराचार्यांचें विज्जडविड म्हणजे आपलें बीड, असें कांहीं मानतात. इतर चाळीसगांवजवळच्या पाटणकडे बोट दाखवितात. तो मान कोणत्याही गांवास मिळो. 'लीलावती'ंत घनांच्या बेरजेचा नियम आहे: ती साध्या बेरजेच्या वर्गाएवढी असते. नियम श्लोकांत, उपपत्ति मात्र ज्यानें त्यानें समजून घ्यावयाची. पुतणीनें ती दुसऱ्या दिवशीं कोणाच्याही मदतीवांचून मांडली, आणि गणित सोडण्याची भाषा त्यानंतर घरांत ऐकूं आली नाहीं.