उन्हातले पेंग्विन

पेंग्विन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ उभा राहतो. हा समज बरोबर घेऊन केपटाउनच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या सायमन्स टाउन गावी जावे, म्हणजे तो तिथल्या उन्हात पार विरघळून जातो! ‘बोल्डर्स’ नावाची तिथली पुळण म्हणजे हत्तीएवढ्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांचा मेळावाच. वर लखलखीत ऊन, खाली पांढरी वाळू, आणि तीवरून दोन फूट उंचीची काळी-पांढरी मंडळी, कचेरीची वेळ गाठणाऱ्या कारकुनांसारखी लगबगीने पाण्याकडे निघालेली. मध्येच एखादा मान उंचावून ओरडतो. आवाज थेट गाढवाचा!

ही मंडळी इथली मूळची नव्हेत. १९८२ साली दोन जोडपी आली, त्यांना जागा मानवली, आणि पाहता पाहता मोठी वसाहत झाली.

पण उन्हाच्या देशात हा पक्षी राहतो कसा? पाण्यात पाऊल घालावे, उत्तर मिळते. पाणी चांगलेच गार! आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो. वारा वरचे पाणी बाजूला लोटतो, तळाचे गार पाणी वर येते, आणि त्याबरोबर मासळीचे खाद्यही. पेंग्विनचे खरे हवामान जमिनीवर नसतेच, ते समुद्रात असते. म्हणून तर गालापागोस बेटांवर तो थेट विषुववृत्तापाशी नांदतो. २०१६ साली मुंबईच्या राणीच्या बागेत आलेल्या हंबोल्ट पेंग्विनांचे कूळही पेरू-चिलीच्या अशाच गार किनाऱ्यावरचे.

पंचाईत होते ती जमिनीवर. डोळ्यांवरच्या उघड्या गुलाबी कातडीतून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो खरा. पण अंडी उबवताना सावली हवीच. पूर्वी बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे जाड थर असत. त्यांत बीळ कोरले की गारव्याचे घर तयार! एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांनी ते थर शेतीच्या खतासाठी खरवडून नेले. आता कुणी झुडपाखाली, कुणी उघड्यावर संसार मांडतो. ऊन असह्य झाले की आईबाप पाण्याकडे धावतात आणि टपून बसलेला कुरव पक्षी अंडी पळवतो.

त्यातच तारली आणि मांदेलीच्या भाईबंदांतली मासळी कमी झाली. आज या जातीची १०,००० हून कमी जोडपी उरली आहेत, आणि २०२४ साली ती ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदली गेली.

आता तिथली माणसे घरट्यांसाठी पेट्या ठेवतात. माणसाने नेलेली सावली माणूसच अशी पेटीपेटीने परत करतो आहे. मासळी मात्र पेटीत घालून देता येत नाही; ती समुद्रातच राहू द्यावी लागते. २०२५ साली न्यायालयाच्या हुकुमाने सहा प्रमुख वसाहतींभोवती तारली-मांदेलीच्या बोटींना दहा वर्षांची बंदी झाली. पेंग्विनांच्या वाट्याचा घास त्यांच्या दारात राहावा, एवढीच त्यामागची अपेक्षा!