परिपाठातलं नाव

आज परिपाठात खो-खोच्या मुलींची नावं पुकारली. संघ जिल्ह्यात जिंकला, आता विभागीय स्पर्धा. टाळ्यांच्या वेळी माझी नजर आठवीतल्या एकीच्या गुडघ्यांवर गेली. खांबाजवळ सूर मारून मारून सोलवटलेले. तिचा बचाव म्हणजे देखणी गोष्ट! पाठलाग करणारी वाकली की ही दोन खेळाडूंमधून अलगद निसटते.

दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, चांगलंच आहे. पण कदर त्याहून मोठी हवी. १९५२ साली कुस्तीगीर खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं.

आपण एवढं तरी करूया: सरावाच्या वेळी मुलींना शिकवणीला बसवू नका.