पंचाण्णवच्या आत

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

आज गावात तमाशाच्या सुपाऱ्यांची धांदल. राहुट्यांसमोर यात्रा कमिट्यांच्या गाड्या लागलेल्या. दुपारी एका फडाचे व्यवस्थापक घरी आले आणि व्हीएचएस कॅसेटची भरलेली पिशवी ठेवून गेले. नव्वदच्या दशकातल्या यात्रांतल्या गवळणी, बतावण्या, वग. म्हणाले, "ताई, सीझन संपायच्या आत पेनड्राइव्हवर द्या. कॅसेटींना बुरशी धरायला लागलीय." बुरशीवाल्या आधी बाजूला काढल्या. त्या व्हीसीआरमध्ये घातल्या तर हेड तर खराब होतंच, शिवाय बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते.

कॅसेट संगणकात उतरवून घेताना प्रोसेसरला फारसं काम नसतं. तीन तासांची कॅसेट तीन तास चालते, बस. खरा भार त्यानंतर पडतो. पाल पद्धतीच्या व्हिडिओत सेकंदाला ५० अर्धी चित्रं एकाआड एक ओळींत गुंफलेली असतात. ती सोडवायची, टेपची मुंगीमुंगी घालवायची आणि मग एच.२६५ मध्ये फाइल लहान करायची. सहाच्या सहा कोअर शंभर टक्क्यांवर जातात आणि तासन् तास तिथेच राहतात.

१ एप्रिल

दुपारी खोलीत ३६ अंश. पहिला वग एन्कोडिंगला लावला आणि पंधरा-वीस मिनिटांत प्रोसेसर ९५ वर जाऊन चिकटला. रायझन ५ ५६००जी आहे, त्याची कमाल मर्यादाच ९५. तिथे पोचल्यावर तो जळत नाही, आपला वेग आपणच कमी करतो. एरवी भरात चार गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारा तो साडेतीनच्या खाली उतरला. त्याच वेळी दुसरी कॅसेट उतरवायला लावली होती, तिच्या मधल्या फ्रेम गळाल्या. ढोलकी एकीकडे आणि पाय दुसरीकडे. ती कॅसेट पुन्हा पहिल्यापासून.

जानेवारीत हेच काम करताना आकडा ८० च्या पुढे गेला नव्हता. तेव्हा खोलीत २० होतं. हिशेब सरळ आहे: तेवढ्याच भाराला प्रोसेसर खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच वर राहतो. खोली सोळा अंशांनी तापली की तोही सोळा अंशांनी वर. म्हणजे दोनच वाटा उरतात. हा फरक कमी करायचा, नाहीतर खोली गार असेल तेव्हा काम करायचं.

४ एप्रिल

संगणकाचा डबा अंगणात नेऊन उघडला. हीटसिंकच्या पात्यांमध्ये राखाडी नमदा बसलेला. हायवेची धूळ, गादीचा कापूस आणि स्वयंपाकघरातला तेलकटपणा एकत्र झाले की ब्रशने निघत नाहीत. ब्लोअर मारला. मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरतो, बेअरिंग जातं.

थर्मल पेस्टही बदलली. या जातीच्या प्रोसेसरच्या खालच्या बाजूला बारीक पिना असतात आणि जुनी पेस्ट डिंकासारखी धरून बसते. हीटसिंक सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून आधी पाच-दहा मिनिटं भार देऊन पेस्ट कोमट केली, संगणक बंद करून प्लग काढला, हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. नवी मधोमध वाटाण्याएवढी, बस. दाब बसला की ती आपणच पसरते. तिचं काम दोन धातूंमधल्या सूक्ष्म खाचांतली हवा घालवण्यापुरतं. जाड थर दिला तर तोच आडवा येतो.

संध्याकाळी तेवढ्याच भारावर, खोली ३३ असताना, ८५.

६ एप्रिल, रामनवमी

दीर आले होते. ते द्राक्षांच्या प्रीकूलिंगवर कामाला आहेत, हंगामाच्या शेवटच्या गाड्या चालू आहेत. टेबलाच्या लाकडी कप्प्यात बसवलेला माझा डबा बघून हसले. "वहिनी, हा आपलीच वाफ परत ओढतोय."

त्यांच्याकडे पेट्यांच्या थप्प्या दोन रांगांत लावतात, मधल्या बोळावर वरून ताडपत्री टाकतात आणि टोकाच्या पंख्याने बोळातली हवा ओढतात. मग गार हवेला पेटीच्या भोकांतून, घडांमधून जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ताडपत्री कुठे उचललेली राहिली की हवा तिथूनच निसटते आणि त्या बाजूच्या पेट्या गरम राहतात. संगणकाच्या डब्यातही हेच व्हायला हवं. पुढून गार हवा आत, मागून गरम बाहेर, मधे वाट चुकायला जागा नको.

डबा कप्प्यातून काढून स्टुलावर ठेवला, भिंतीपासून वीतभर पुढे. पुढचा पंखा आत ओढतोय ना, हे कागदाचा कपटा धरून पाहिलं. आतल्या वायरी मागच्या पत्र्याला बांधल्या.

९ एप्रिल

शेजारच्या काकांचा सल्ला: "झाकण काढून टाक आणि टेबलफॅन लाव." इथे बरेच जण तसंच करतात. डबा कोंदट असेल तर तात्पुरता फरक पडतोही. पण धूळ थेट आत जाते आणि पुढून मागे जाणारा प्रवाह मोडतो.

झाकणाचं आणखी एक काम असतं, ते इथून दहा-बारा किलोमीटरवरच्या खोडदला कळतं. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकतात, साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या. संगणकातली घड्याळं, मेमरी, पॉवर सप्लाय याच पट्ट्यात कुजबुजत असतात. पत्र्याचा बंद डबा ती कुजबुज बरीचशी आत ठेवतो. माझ्या एका डब्याने दुर्बीण बहिरी होणार नाही, पण तिथे यंत्रांच्या खोल्यांनाच धातूचं कवच आहे. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी ताडून बघायचं काम ग्राफिक्स कार्डं लावलेले संगणक अखंड करतात. म्हणजे भरपूर उष्णता, आणि तीही बंद पेटीत. अशा कवचाच्या खोल्यांत हवेसाठी षटकोनी घरांची धातूची जाळी बसवतात. हवा पार होते, लहरी अडतात. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी तिथे प्रदर्शन भरतं. पुढच्या वर्षी पोरांना नेलं की हे विचारायचं.

१३ एप्रिल

बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची ६५ वॅटची मर्यादा ४५ केली. एन्कोडिंगचा वेग साधारण दहा-बारा टक्क्यांनी उतरला. तापमान भर दुपारीही ७४.

वेग थोडा आणि उष्णता एवढी का उतरते? चिपची वीज वेगाच्या पटीत वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग कमी केला की व्होल्टेजही कमी पुरतं. दोन्ही दहा टक्क्यांनी उतरवले तर ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे वीज २७ टक्क्यांनी कमी. शेवटचा थोडा वेगच सगळ्यात महाग पडतो. इंटेलनेही २००४ मध्ये चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला आणि एकाच कोअरला पळवण्याऐवजी कोअर वाढवण्याची वाट धरली.

ज्यांच्या बायोसमध्ये ही सोय नाही त्यांनी विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ करून बघावी. बहुतेक संगणकांत तेवढ्याने वरचा जादा वेग बंद होतो.

२० एप्रिल

भाच्याचा आग्रह, "मावशी, लिक्विड कूलिंग बसव." पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्म या महासंगणकात चिपला लागूनच द्रव फिरवून उष्णता काढून घेतात. गेल्या सप्टेंबरात जीएमआरटीसाठीही परम रुद्र आला. हजारो कोअर एका खोलीत दाटीवाटीने बसवले की हवा पुरी पडत नाही, तिथे द्रव लागतोच.

माझ्याकडे अडचण वेगळी आहे. द्रव उष्णता चिपवरून रेडिएटरवर नेतो आणि रेडिएटर ती याच खोलीत सोडतो. संगणक भिंतीतून शंभर वॅट ओढत असेल तर शंभरच्या शंभर वॅट खोलीतच उतरतात, हीटसिंक कसलाही असो. हजारो रुपये घालण्यापेक्षा खिडकीत एक्झॉस्ट बसवला. दार फटीएवढं उघडं ठेवलं की मागच्या पडवीतली गार हवा आत येते.

२ मे

घडी बसली. दिवसा फक्त कॅसेट उतरवायच्या, तेव्हा दुसरं काही चालवायचं नाही. रात्री अकराला एन्कोडिंगची रांग लावायची. पहाटे खोली २७ पर्यंत उतरते, प्रोसेसर ६५ च्या आसपास. लाइट जायची भीती असतेच, म्हणून वगाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे केलेत. मधेच गेली तर एकच तुकडा पुन्हा.

व्यवस्थापकांचा फोन होता, "एका दिवसात किती कॅसेटी होतात, ताई?" उतरवून दिवसाला तीन होतील, तयार एकच होईल, असं सांगितलं. जरा कुरकुरले, मग ठीक म्हणाले. पावतीपुस्तकात आता मुदतीचा रकानाच बदललाय: तीन तासांची कॅसेट, एक रात्र.