सुईची भीती

खालाच्या छातीत सुपारीएवढी गाठ आहे, हे काल्हेरच्या आमच्या घरातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. डॉक्टरला मात्र चार महिने कळू दिलं नाही. कारण एकच: "सुई लावली की तो पसरतो." मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी त्या चार महिन्यांत एकदा मीही खालासमोर हेच बोलले.

गाठीवरच्या कातडीला खड्डा पडू लागला तेव्हा खालूंनी कुणाचं ऐकलं नाही. काशेळीचा पूल ओलांडून ठाणे, तिथून लोकल, मग परळचं टाटा रुग्णालय. सुईने तुकडा काढला, तपासला. रिपोर्टातल्या एका ओळीभोवती डॉक्टरबाईंनी पेनाने गोल केला: 'हर-टू, तीन प्लस'.

त्या रात्रीपासून मी वाचायला बसले.

आपल्या पेशींच्या अंगावर, म्हणजे बाहेरच्या आवरणावर, तऱ्हेतऱ्हेची प्रथिनं असतात. ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन शेजारच्या पेशीवरच्या तशाच प्रथिनाला धरून ठेवतं. त्याला कॅल्शियम लागतं. कॅडहेरिनचा हा शोध जपानच्या मासातोशी ताकेइची यांचा. दुसरं इंटेग्रिन. ते पेशीला खालच्या अस्तराशी बांधतं, आणि त्या पकडीतूनच पेशीला निरोप मिळत राहतो की तू जागेवर आहेस, जग. पकड सुटली की निरोप थांबतो आणि पेशी आपणहून मरते. १९९४ मध्ये स्टीव्हन फ्रिश आणि हंटर फ्रान्सिस यांनी या मरणाला 'अनोइकिस' हे ग्रीक नाव दिलं. अर्थ, बेघर होणं.

खालूंना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आमच्या लूमसारखंच की." भिवंडीत त्यांचे सहा यंत्रमाग. बाणा तुटला की एक छोटा काटा ते ओळखतो आणि माग जागीच थांबतो. काटा बिघडला तर माग खडखडत राहतो आणि कापड खराब निघतं. वर्गात मला इतकं सोपं कधी सांगता आलं नसतं.

पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये असंच होतं. पेशींची पकड सैल होते आणि सुटलेली पेशी मरतही नाही. हर-टू हे प्रथिनही पेशीच्या अंगावरचंच. थोडं सगळ्यांत असतं. स्तनाच्या कॅन्सरच्या दर शंभर बायकांपैकी पंधरा-वीस जणींत मात्र ते बेसुमार वाढतं, पेशीला वाढ, वाढ म्हणत राहतं, आणि सुटलेल्या पेशीला जगायलाही मदत करतं. हा बिघाड पेशीच्या आतून येतो, तो सुई घडवत नाही. सुईच्या वाटेत एखादी पेशी सरकलीच तरी तिने तिथे मूळ धरण्याचा धोका नगण्य. उलट सुई लावली नसती तर हर-टू कळलंच नसतं, आणि औषधही मिळालं नसतं.

ते औषध ट्रास्टुझुमॅब. ते हर-टूलाच जाऊन चिकटतं, त्याचा निरोप अडवतं आणि शरीराच्या रक्षक पेशींना तिकडे बोलावतं. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. २०१४ पासून भारतात बनवलेलंही मिळू लागलं. तरी खालूंना दोन माग विकावे लागले. आधी केमो, मग ऑपरेशन, आणि हे औषध दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. त्याने हृदय दमू शकतं, म्हणून मधूनमधून इको. इकोच्या टेबलावर झोपताना खाला दरवेळी विचारते, "यात सुई नाही ना?" आणि स्वतःच हसते.

परवा सतरावा डोस झाला. एक राहिलाय.

काखेतल्या दोन गाठींपर्यंत तो पोचला होता. त्या चार महिन्यांतच पोचला का, असं मी डॉक्टरबाईंना बाजूला घेऊन विचारलं. ते आता सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. खालाने मला त्याबद्दल कधी काही विचारलेलं नाही.