तबलावादकांची भेट

मैफल संपली, भैरवीचे सूर विरले, कीं श्रोत्यांपैकीं दहावीस मंडळी व्यासपीठाच्या मागील बाजूस जाऊं लागतात. त्यांतील जे गायकाकडे जातात त्यांस गायकाचा आवाज तीन तास ऐकावयास मिळालेला असतो. चिजेचे शब्द, मध्येंच केलेला एखादा विनोद, चहा आणणाऱ्यास केलेली खूण, हें सर्व त्यांच्या परिचयाचें झालेलें असतें. तबलावादक मात्र मैफलभर एक अक्षर बोललेला नसतो. जें बोलावयाचें तें तो दहा बोटांनीं बोलतो. त्यामुळें त्याच्याकडे जाणाऱ्या मनुष्यास त्याच्या तोंडचे चार शब्द ऐकण्याची विशेष उत्सुकता असते. ज्याच्या हातांत एवढी वीज आहे तो बोलण्यांतहि तसाच चपळ व रंगेल असेल, अशी त्याची समजूत असते. गेल्या चाळीस वर्षांत मिरज, सांगली, पुणें, मुंबई येथें जे नामांकित तबलावादक आम्हीं जवळून पाहिले, त्यांत या समजुतीस उतरणारे थोडेच निघाले. बहुतेक जण फार कमी बोलतात. समोरचा काय म्हणतो तें मात्र कान देऊन ऐकतात.

याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत पुष्कर वाद्यांच्या उत्पत्तीची कथा आहे. एका अनध्यायाच्या दिवशीं, आकाश मेघांनीं भरून आलें असतां, स्वातिमुनि पाणी आणावयास सरोवरावर गेले. पाऊस सुरू झाला. लहान, मध्यम व मोठ्या कमलपत्रांवर थेंब पडून निरनिराळे नाद निघूं लागले. मुनींनीं ते लक्षपूर्वक ऐकून मनांत धरिले, आश्रमांत परत आले, आणि विश्वकर्म्याच्या साह्यानें त्यांनीं मृदंगादि वाद्यें निर्माण केलीं. शास्त्रांतील या आद्य वादकानें आधीं ऐकलें, वाजविलें मागाहून. (हा भाग वर्गांत शिकविण्याचा योग आम्हांस सबंध नोकरींत एकदांहि आला नाहीं, ही गोष्ट निराळी.)

तबल्याच्या धंद्याचा पूर्वेतिहासहि या मितभाषणास कारण असावा. 'तबलजी' हा शब्द आमच्या लहानपणीं घरांत फारशा आदरानें उच्चारला जात नसे. मुलानें पेटी शिकलेली चाले. तबला शिकतों म्हटलें कीं आजोबांच्या कपाळास आठ्या पडत. जुन्या तबकड्यांवर गाणाऱ्याचें नांव ठळक असे. तबला कोणाचा, हें बहुधा कोठें छापलेलेंच नसे. आमच्या आजोबांचें मत थोडें सैल झालें तें गंधर्व नाटक मंडळींतील अहमदजान थिरकवा यांच्यामुळें. खाँसाहेब मूळचे मुरादाबादचे. मुनीरखाँ यांजपाशीं त्यांची तालीम झाली. बोटें थिरकतात म्हणून 'थिरकवा' हें नांव पडलें. बालगंधर्वांची पदें ऐकावयास गेलेला मनुष्य घरीं येऊन तबल्याविषयीं बोलूं लागला, हा त्यांचा पराक्रम. पुढें १९७० सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें आणि १९७६ सालीं ते लखनौस निवर्तले. तथापि जो वर्ग पिढ्यान् पिढ्या एका बाजूस बसून दुसऱ्याच्या मुद्रेकडे पाहत आला, त्याच्या अंगीं पुढें पुढें बोलण्याची संवय एका पिढींत कशी यावी?

भेटीस जाणाऱ्यांनीं एक गोष्ट अवश्य ध्यानांत घ्यावी. वादन संपल्यावर तबलावादकाचा पहिला विचार तबल्याचा असतो. पुडी बकऱ्याच्या कातड्याची. तिच्या मध्यावरील शाई म्हणजे लोहचूर्ण आणि खळ यांचे थरावर थर देऊन घोटून बसविलेली. हवेंत ओल वाढली कीं पुडी ढिली पडून सूर उतरतो. दिव्यांच्या उष्णतेनें तोच चढतो. गजऱ्यावर हातोडीचे ठोके देऊन, गट्टे सरकवून जें सारी रात्र सांभाळलें तें तसेंच उघडें टाकून स्वाक्षऱ्या देत बसणें त्याच्या जिवावर येतें. बनारसच्या एका ख्यातनाम वादकांस आम्हीं असेंच पाहिलें. नांव सांगण्याचें कारण नाहीं. ते खालीं मान घालून तबल्यास कापड गुंडाळीत होते. इतक्यांत आमच्या गांवच्या एका वकीलसाहेबांनीं हस्तांदोलनासाठीं हात पुढें केला. महाराजांनीं दोन्ही हात जोडून नमस्कार केला, आणि पुन्हां कापडास हात घातला. वकीलसाहेबांस हा अपमान वाटला व चारचौघांत ते तसें बोलूनहि दाखवूं लागले. वस्तुतः उत्साहाच्या भरांत दुसऱ्याचा हात आवळणारे लोक कांहीं थोडे नसतात, आणि महाराजांस दुसऱ्या दिवशीं त्याच बोटांनीं सोलापुरास वाजवावयाचें होतें. त्यांच्या उजव्या तर्जनीच्या पेरास भेग पडलेली आम्हीं डोळ्यांनीं पाहिली.

आमच्या घरांत तर अशा एका भेटीमुळें मोठें वादळ झालें. नातू बारा वर्षांचा. तबल्याचीं तीन वर्षें झालेलीं. गणपतींत वाजवून त्यानें वाहवा मिळविलेली. पुण्यास एका थोर वादकांची मैफल होती. ओळखीच्या एका गृहस्थांनीं आंत नेलें. सूनबाईनें मुलास नवा सदरा घातला होता. स्वाक्षरीची वही बरोबर होतीच.

"काय शिकतोस?" त्यांनीं विचारलें.

"तीनताल, झपताल, रूपक. कायदे चार."

"तीनताल म्हण."

मुलानें सपाट्यानें म्हटला.

"आतां निम्म्या लयींत." म्हटला. "त्याच्याहि निम्म्या." येथें मात्र नववी मात्रा, म्हणजे खाली, वेळेच्या आधीं आली. बाहेर पन्नास माणसें ताटकळत होतीं, मागें कोणी छायाचित्रासाठीं फोन उंच धरून उभा होता. पंडितजींनीं तिकडे पाहिलेंहि नाहीं. स्वतःच्या मांडीवर टाळी देत त्यांनीं मुलाकडून सहासात आवर्तनें म्हणवून घेतलीं. शेवटीं म्हणाले, "कांहीं दिवस तबला झांकून ठेव. नुसतें म्हण." स्वाक्षरी नाहीं, पाठीवर थाप नाहीं, वही तशीच परत आली.

"एवढ्या लांब नेलें पोराला, आणि कौतुकाचा एक शब्द नाहीं!" सूनबाई गाडींत बसल्यापासून म्हणत होती. आमच्या घरांतून तिचीच बाजू घेण्यांत आली. धाकटे बंधु म्हणाले, "मोठेपणाची घमेंड, दुसरें काय?" अकरा दिवस घरांत तबला वाजला नाहीं. मुलगा ही विद्या सोडणार असें सर्वांनीं गृहीत धरलें, आणि खरें सांगावयाचें तर आमचीहि झोंप उडाली. बाराव्या दिवशीं पहाटे गच्चींतून आवाज आला म्हणून वर गेलों, तों स्वारी पाठमोरी बसून तीनताल म्हणत होती. इतका सावकाश, कीं दोन मात्रांच्या मध्यें रस्त्यावरील दूधवाल्याची सायकल निघून जाई. आम्ही पायरीवरच थांबलों. "एवढे रागावले, तरी तुला कांहीं वाटलें नाहीं?" असें मागाहून विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "रागावले कुठें, आजोबा? त्यांनीं माझ्याबरोबर टाळी दिली." आमच्या मतें त्या खोलींत काय घडलें हें त्या एका मुलासच कळलें होतें. सूनबाईचा राग अद्याप गेलेला नाहीं.

सर्वच असे कठोर नसतात. झाकीर हुसेन यांच्याविषयीं त्यांस भेटलेल्या मंडळींकडून अगदीं निराळें ऐकूं येई. चहाच्या जाहिरातीनें त्यांचें नांव तीनतालाच्या मात्रा ठाऊक नसलेल्या घरांतहि पोहोंचविलें होतें, आणि त्यांस भेटतांच पुष्कळ लोक त्या जाहिरातीचेच शब्द म्हणून दाखवीत. एवढा विद्वान्, आणि लोकांनीं चहाचें बोलावें! परंतु ते हंसून घेत. 'उस्ताद' म्हणवून घेणें त्यांस आवडत नसे. आपण विद्यार्थी आहों असेंच ते सांगत. त्याबरोबरच लग्नसमारंभांत व खासगी मेजवान्यांत वाजविण्यास ते साफ नकार देत. लोक खाण्यापिण्यासाठीं जमले आहेत तेथें संगीत नको, हा त्यांचा बाणा. वडील अल्लारखाँ ३ फेब्रुवारी २००० रोजीं वारले. त्या तिथीस मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहांत ते दरवर्षीं स्मृतिसमारोह करीत व स्वतः निवेदन करून इतर वादकांस पुढें आणीत. २०२४ च्या फेब्रुवारींत त्यांस एकाच रात्रीं तीन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं, आणि त्याच वर्षीं १५ डिसेंबरला ते सॅन फ्रान्सिस्को येथें निवर्तले.

अल्लारखाँ यांची आठवण निघाली म्हणून सांगतों. एका वादकानें दुसऱ्याचा भक्त म्हणून जावें, ही भेट सर्वांत फलदायी. अमेरिकेंतील 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदाचे ड्रमवादक मिकी हार्ट यांस १९६७ सालीं अल्लारखाँ भेटले. त्या भेटींतून हिंदुस्थानी तालाचें वेड लागलें, आणि पुढें त्यांच्या चिरंजीवांबरोबर, म्हणजे झाकीर हुसेन यांच्याबरोबर, हार्ट यांनीं १९९१ सालीं 'प्लॅनेट ड्रम' ही ध्वनिमुद्रिका केली.

आम्हां सामान्य श्रोत्यांस तसें बोलतां येत नाहीं. परंतु एक युक्ति आम्हांस मिरजेंत सांपडली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ येथें जलसा होतो. त्यासाठीं आलेले एक वृद्ध तबलावादक स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसले होते. वादन उत्तम झालें, असें लोक येऊन सांगत, आणि ते नुसती मान हलवीत. आम्हीं विचारलें, "हा तबला कोणी बांधला?" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. कारागिराचें नांव, त्याची गल्ली, त्याच्या बापाच्या हातची शाई कशी असे, कातडें कोणत्या ऋतूंतलें घ्यावें, मुलगा आतां हा धंदा करीत नाहीं, सारें त्यांनीं सांगितलें. हातांतला चहा निवून गेला. गाडी लागली, शिष्यानें सामान आंत नेलें, दोनदां हांक मारली. गाडी हलली तेव्हां ते खिडकींतून हात बाहेर काढून, शाईचा शेवटला थर किती पातळ असावा तें दोन बोटांनीं दाखवीत होते.