खडाखडी

सातारा,
१३ ऑक्टोबर २०२४

चि. माई हिस,


पाकिटात आपट्याची दोन पानं आहेत. एक तुझं, एक तुझ्या आईचं. काल दुपारी भारत-व्हिएतनाम फुटबॉल मॅच बघितली, १-१ झाली. संध्याकाळी पोवई नाक्यावर जाऊन उभा राहिलो. जलमंदिरातून भवानी तलवारीची मिरवणूक आली, ओळखीची माणसं भेटली, सोनं दिलं-घेतलं. पण तुझा फोन काही मनातून जात नव्हता.

२ तारखेला आपल्या मुंबईची बंगळुरूशी मॅच ०-० सुटली आणि पाच मिनिटांत तू फोन केलास. ‘मामा, यंदा आपलं काही खरं नाही. तीन मॅच, दोन पॉइंट, एकसुद्धा जिंकली नाही. मी आता बघणारच नाही.’ आवाज भरून आला होता तुझा. मी ‘बघू गं’ एवढंच म्हणालो. मग नवरात्राचे सगळे दिवस वाटत राहिलं, की पोरीनं इतकं जीव तोडून सांगितलं आणि आपण तिला उत्तरच दिलं नाही. तुला राग आला होता असं मला वाटत नाही, माई. तू घाबरली होतीस. ती भीती माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

तुझे आजोबा मला लहानपणी कुंडलच्या कुस्त्यांच्या मैदानाला न्यायचे. कऱ्हाडपर्यंत एस.टी., पुढं मिळेल ते वाहन. हलगी वाजायला लागली की माझ्या पोटात गोळा यायचा. मला सगळं कळायचं, एक खडाखडी सोडून. दोघे समोरासमोर येणार, हातात हात गुंतवणार, मानेवर थाप टाकणार, कपाळाला कपाळ लावून रेटत राहणार, आणि कितीतरी वेळ काही घडणारच नाही. मागची पोरं ओरडायची, ‘आरं, लाव की डाव!’ मीही ओरडायचो. आजोबा माझा दंड धरून खाली बसवायचे आणि म्हणायचे, ‘हात बघू नको. पाय बघ. कोण मागं सरकतोय आणि कुणाचा दम वर आलाय, तेवढंच बघ.’

लीगच्या पहिल्या तीन-चार मॅच मी आजही तशाच बघतो. यंदा तेरा टीम आहेत, प्रत्येकीच्या चोवीस मॅच, त्यातल्या सहा टीम पुढं जाणार. आपला आत्ता आठवा हिस्सा खेळून झालाय. तू पॉइंट मोजलेस, ते बरोबरच मोजलेस. गेल्या वर्षी याच टप्प्यावर सात होते. नॉर्थईस्टला हरवलं, ओडिशाशी बरोबरी केली, केरळाला हरवलं. सात कुठे आणि दोन कुठे. पण आता पाय बघू.

पहिली मॅच कोलकात्याला, सॉल्ट लेकवर, मोहन बागानशी. याच मैदानावर एप्रिलमध्ये त्यांनी आपल्याकडून लीगमध्ये अव्वल येण्याची शील्ड नेली होती, आणि याच मैदानावर ४ मे रोजी आपण त्यांना ३-१ हरवून चषक आणला. म्हणजे नवा हंगाम सुरू झाला तो थेट जुन्या वैऱ्याच्या दारात. नवव्या मिनिटाला टिरीच्या पायाला लागून बॉल आपल्याच जाळीत. अर्ध्या तासाच्या आत ०-२. तू तेव्हा टीव्ही बंद केलास, हे मला तुझ्या आईनं सांगितलं. पुढचं तू दुसऱ्या दिवशी तुकड्या-तुकड्यांत बघितलंस, म्हणून तुला ते दिसलं नसणार. सत्तराव्या मिनिटाला गोल केला तो त्याच टिरीनं. ज्याच्या पायानं आपण मागे पडलो, तो तोंड लपवत फिरला नाही, पुढं गेला. नव्वदाव्या मिनिटाला थाएर क्रुमानं बरोबरी केली. सीरियाचा बचावपटू, आपल्याकडची पहिलीच मॅच. परक्या मैदानावर, समोर इतकं मोठं पब्लिक, दोन गोल खाल्लेले, आणि शेवटच्या वीस मिनिटांत मागं सरकत होते ते बागानवाले. मला त्या रात्री हरल्यासारखं वाटलंच नाही.

जमशेदपूरला २-३ हरलो. त्या मॅचबद्दल मी तुझं मन राखायला काही बोलणार नाही. वाईट खेळलो. दोन मॅचमध्ये पाच गोल खाणं आपल्या टीमला शोभत नाही.

आणि मग ती बंगळुरूची ०-०, जिच्यावर तू सगळ्यात जास्त नाराज झालीस. बंगळुरूनं त्याआधी तिन्ही मॅच जिंकल्या होत्या, त्यात हैदराबादला तीन आणि बागानला तीन गोल घातले होते. एवढी पेटलेली टीम अंधेरीत आली आणि गोल न करता परत गेली. शिवाय कोणाला घेऊन आली होती बघ. राहुल भेके, गेल्या वर्षीचा आपला कप्तान, ज्यानं मे महिन्यात चषक उचलला. त्याच फायनलमध्ये बरोबरीचा गोल करणारा पेरेरा डियाझ. आणि नोगेरा. तिघंही आता निळ्या बंगळुरूचे. ज्यांना आपल्या बचावाची नस न् नस ठाऊक, त्यांच्यासमोर आपण यंदा पहिल्यांदाच गोल न खाता मॅच काढली. तुझ्या टेबलात तो एकच पॉइंट दिसतो. जमशेदपूरनंतर अकरा दिवसांत बचाव उभा राहिला, हे त्या टेबलात दिसायचं नाही.

तुला २०१४ आठवणार नाही, तू लहान होतीस. पहिलंच वर्ष होतं लीगचं. मी तेव्हा पुण्याचा होतो. साताऱ्याच्या माणसाला पुणं जवळ, स्वारगेटची एस.टी. आणि तिथून बालेवाडी. मुंबई पहिल्या मॅचला कोलकात्यात ०-३ हरली. सहा दिवसांनी त्याच मुंबईनं आमच्या पुण्याला ५-० मारलं. आंद्रे मोरिट्झनं तीन गोल केले, लीगमधली पहिली हॅट्ट्रिक. मी दोन दिवस जेवलो नाही नीट. वाटलं, यांचं वर्ष आणि आपली माती. हंगाम संपला तेव्हा आठ टीममध्ये पुणं सहावं होतं आणि मुंबई सातवी. पाच गोल खाणारे पाच गोल घालणाऱ्यांच्या वर.

नंतर मी मुंबईचा झालो तेव्हाही असंच. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये, कोरोनामुळं सगळे सामने गोव्यात रिकाम्या मैदानांवर, तेव्हा पहिलीच मॅच नॉर्थईस्टकडून ०-१ हरली आणि अहमद जाहूला लाल कार्ड. त्या हंगामात प्रशिक्षक लोबेराच्या या टीमनं शील्डही घेतली आणि चषकही. फायनलला बिपिन सिंगनं नव्वदाव्या मिनिटाला गोल केला तेव्हा तू आमच्याच घरी होतीस आणि गॅलरीत जाऊन ओरडली होतीस. २०२२ला पहिल्या तीन मॅचमधल्या दोन बरोबरीत सुटल्या, तरी पहिल्या मॅचपासून सलग अठरा मॅच न हरता शील्ड आली.

हे सगळं तुलाही ठाऊक आहे. तरीही तू म्हणालीस, ‘मी बघणार नाही.’ म्हणून आता एक दुसरी गोष्ट सांगतो. मी कधी नीट सांगितलेली नाही.

पुण्यानं मला पाच वर्षं दिली. २०१८च्या मार्चमध्ये आम्ही सेमीफायनलला पोचलो. मार्सेलिन्हो आणि आल्फारो अशी जोडी होती की बॉल त्यांच्याकडं गेला की अख्खी बालेवाडी उभी राहायची. बंगळुरूशी घरच्या मैदानावर ०-० झाली, मी होतो तिथं. परतीच्या मॅचला सुनील छेत्रीनं तीन घातले आणि संपलं. पण परत येताना एस.टी.त मी मनाशी पुढच्या वर्षीची टीम मांडत होतो. इतका विश्वास होता.

पुढच्या हंगामाची सुरुवात अशी झाली: दिल्लीशी १-१, मुंबईकडून ०-२, बंगळुरूकडून ०-३. तीन मॅच, एक पॉइंट. तिसऱ्या मॅचनंतर चारच दिवसांत प्रशिक्षक गेला. तीन मॅच, माई. खडाखडीतच पैलवान बदलला. त्या हंगामात सातवे आलो, ते मला चाललं असतं. पण २०१९मध्ये टीमच राहिली नाही. जागा हैदराबादला गेली. एके दिवशी पेपरात चार ओळी आल्या, आणि ज्या टीमसाठी मी पाच वर्षं खंबाटकी ओलांडत होतो, ती कुठंच नव्हती.

पुण्याच्या बाबतीत हे पहिल्यांदा झालं असंही नाही. पुणे एफसी २०१२-१३ला आय-लीगमध्ये दुसरी आली होती, ती गेली. भारत एफसी एक हंगाम खेळली. डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये दोन. म्हणून टीम हरायला लागली की आपल्याकडच्या माणसाच्या पोटात जे होतं, ते कोलकात्याच्या माणसाला होत नसावं. मोहन बागान १८८९पासून आहे. टीम हरताना बघून त्याचा आजा रडला आणि पुढच्या रविवारी परत गेला. आपण हरलो की आपल्याला भीती वाटते, पुढचा रविवार असेल का. तुझ्या आवाजात मला ते ऐकू आलं. तुला पुण्याचं काही आठवत नसेल, पण घरात ती भीती माझ्याकडून तुझ्यात उतरली असणार. त्याचं मला फार वाईट वाटलं.

तुला मी पहिल्यांदा मॅचला नेलं ते ९ ऑक्टोबर २०२२ला. हैदराबाद विरुद्ध मुंबई, आणि मॅच बालेवाडीला! हैदराबादची ‘घरची’ मॅच, त्यांचं मैदान मिळालं नव्हतं म्हणून पुण्यात. पुण्याची जागा घेतलेली टीम, आता लीगची विजेती होऊन, पुण्याच्या मैदानावर घरची म्हणून उतरली होती. त्यांच्या विजेत्या टीममध्ये आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्याचा मला अभिमानही होता. तू ३-३चा थरार बघत होतीस, नोगेराच्या शेवटच्या गोलला माझा हात पिळवटत होतीस, आणि मी जुन्या बाकांकडं बघत होतो. तुला वाटलं मामाला बरं नाही.

दुसऱ्यांदा गेलो ते गेल्या वर्षी हरतालिकेला, १८ सप्टेंबर. आशियाई चॅम्पियन्स लीगची मॅच, इराणचा नासाजी. ०-२. रात्री परतताना हायवेवर गणपती घेऊन निघालेल्या गाड्या लागत होत्या, ताशे वाजत होते, आणि तू खिडकीला डोकं टेकून गप्प. त्या स्पर्धेत आपण सहाच्या सहा हरलो. मधेच प्रशिक्षक बकिंगहॅम इंग्लंडला निघून गेला, क्रात्की आला. आणि त्या हरतालिकेपासून आठव्या महिन्यात त्याच टीमनं सॉल्ट लेकवर चषक उचलला. दोनदा मैदानावर गेलीस आणि दोन्ही वेळा जिंकताना बघितलं नाहीस, ही तुझी तक्रार माझ्या लक्षात आहे. ती आपण फेडू.

काळजी करायचीच असेल तर खरी काळजी सांगतो. दोन पॉइंटची मला नाही. मला काळजी आहे मधल्या फळीची. अपुइया बागानला गेला, त्याची जागा कोणी घेतलेली नाही. तो बॉल हिसकावून घ्यायचा आणि व्हॅन नीफला डोकं वर करून बघायला वेळ मिळायचा. आता व्हॅन नीफला दोन्ही कामं करावी लागतात आणि साठाव्या मिनिटानंतर तो थकतो. दुसरी गोष्ट, गोल करणार कोण. छांगते आहे, आता कप्तानही आहे, पण त्याच्यासमोर दोन-दोन माणसं उभी राहतात. डियाझ ती माणसं आपल्याकडं ओढायचा. कारेलिस नवा आहे, ग्रीसचा, त्याला छांगतेची धाव अजून कळत नाही. छांगते बॉल सोडतो तिथं कारेलिस अर्धा सेकंद उशिरा पोचतो. हे जमायला सराव लागतो, दहा-बारा मॅच जातात कधी कधी. ब्रँडन फर्नांडिस गोव्याहून आणलाय, तो कामाला येईल असं मला वाटतं. आणि पुढची मॅच फातोर्ड्याला गोव्याशीच आहे, त्याच्या जुन्या घरी.

ती मॅच तू बघ. माझ्यासाठी बघ. पहिली वीस मिनिटं बॉलकडं बघूच नको, व्हॅन नीफच्या पायांकडं बघ. तो पुढं सरकतोय की मागं, आणि कारेलिस किती उशिरा पोचतोय, हे एका कागदावर लिहून ठेव.

३ नोव्हेंबरला भाऊबीज, आणि त्याच संध्याकाळी अंधेरीत आपली केरळाशी मॅच. मी सकाळच्या गाडीनं सांगलीला येतोय. तुझ्या आईला सांग, ओवाळायचं सहाच्या आत उरकू, साडेसातला टीव्ही आपला. कंदी पेढे घेऊन येतो. तो कागद तयार ठेव.

तुझा,
मामा